कातेची कुळकथा

इतिहासाच्या मास्तराने सरड्यावर लेख लिहावा, हे पाहून पुष्कळांच्या भुवया वर चढतील. दिवाळीच्या अंकात मास्तराकडून शिवकाल यावा, पेशवाई यावी, निदान एखाद्या पडक्या वाड्याची हकीगत तरी यावी, अशी वाचकांची अपेक्षा असते. आणि ती रास्तच आहे. पण गेल्या मे महिन्यात मी चार दिवस एका सरड्याची शुश्रूषा केली, आणि त्या चार दिवसांत माझ्या हातून जी एक आगळीक घडली तिची टोचणी मला थेट निनवेच्या मातीच्या पाट्यांपर्यंत घेऊन गेली. तेव्हा हा लेख इतिहासाचाच आहे. फक्त त्याचा नायक वीतभर लांबीचा असून त्याला दाढी आहे.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन सिडनीला गेली त्याला चौदा वर्षे झाली. 'दादा, एकदा तरी ये' असे ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी काही तरी आडवे यायचे. यंदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले, कादंबरीचे हस्तलिखित छापखान्यात गेले, आणि आईने लेकीसाठी दिलेली इरकली साडी पेटीत सर्वांत वर ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडला.

घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच अकरा वर्षांच्या भाच्याने हात धरून आपल्या खोलीत नेले.

"मामा, माझा पाल बघ!"

"अरे, पाल ती. माझी पाल," बहीण मागून म्हणाली. "आणि ही पाल नव्हेच. सरडा आहे."

टेबलावर एक लांबट काचेची पेटी होती. तीत वाळूच्या रंगाचा, त्रिकोणी डोक्याचा, दोन्ही कुशींना बारीक काट्यांची झालर लावलेला एक सरडा खडबडीत फांदीवर छाती टेकून बसला होता. मी वाकून पाहताच त्याने पुढचा एक पाय उचलला आणि संथपणे हवेत गोल फिरवला, जणू लांबून ओळखीचे कुणी दिसावे आणि हात हलवावा. मी खूश झालो. पण भाच्याने लगेच खुलासा केला की हा नमस्कार नव्हे. लहान सरडा मोठ्या प्राण्यासमोर असा हात हलवतो तेव्हा तो म्हणत असतो, 'मी लहान आहे, माझ्याशी भांडू नका.' आमच्या वर्गातही पहिल्या बाकावर अशी दोन-तीन मुले असतात.

राग आला किंवा भीती वाटली की तो गळ्याची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळीभोर होते. म्हणून इंग्रजीत त्याला 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला राक्षस म्हणतात. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांची क्षमा मागून मी त्याचे नाव 'दाढोबा' ठेवले. भाच्याला ते इतके आवडले की संध्याकाळपर्यंत शेजारची मुलेही 'डाडोबा, डाडोबा' करू लागली.

तिकडे देशी सरडा पाळायचा तर राज्य सरकारचा परवाना लागतो आणि तो रानातून धरून आणता येत नाही. परवाना मेहुण्यांच्या नावावर होता; चाकरी मात्र सारी भाच्याची. आणि माझ्या मुक्कामातच त्याच्या शाळेची चार दिवसांची सहल निघाली. बहीण आणि मेहुणे दिवसभर कामावर. तेव्हा दाढोबाची जबाबदारी घरात रिकाम्या बसलेल्या एकमेव पुरुषावर आली.

जाताना भाच्याने एक कागद माझ्या हातात दिला. शनिवारच्या मराठी वर्गात शिकलेली अक्षरे त्याने रांगेने उभी केली होती. काहींच्या डोक्यावरची रेघ उडून गेली होती. कागदावर पाच कलमे होती. एक, दिवा बंद करू नको. दोन, कोमट पाणी, त्याच्या कोपरापर्यंत, आणि त्याला एकटा सोडू नको. तीन, रोज बोटं बघ. चार, ओढू नको. पाच, ओढू नको.

"चार आणि पाच एकच आहेत की," मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो.

त्यावर तो काही बोलला नाही. त्याने दाढोबाला तळहातावर घेऊन त्याचा मागचा डावा पाय मला दाखवला. एका बोटाचे टोकच नव्हते. मागच्या खेपेला कात टाकताना त्या बोटावर जुन्या कातडीचे एक वेढे राहून गेले होते. पोराच्या ते लक्षात आले नाही. वाळत गेलेल्या त्या वेढ्याने दोऱ्याने करकचून बांधावे तसे बोट आवळले, रक्त पोचेना, आणि आठवडाभरात टोक काळे पडून गळले. पुन्हा ते उगवायचे नाही. आपल्या घरातल्या पालीचे शेपूट तुटले तर पुन्हा येते. या सरड्याचे शेपूटही तुटले की तुटलेच.

"ही कात आता येणार आहे," तो म्हणाला. वाढत्या वयात हे सरडे काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा कात टाकतात. मोठे झाल्यावर वर्षातून थोड्याच वेळा. अंग वाढते, पण वरची मेलेली कातडी वाढत नाही. वाढत्या मुलाच्या सदऱ्यासारखेच हे.

पहिल्याच दिवशी मी पहिले कलम मोडले. बाहेर लख्ख ऊन पडले होते, पेटी खिडकीशी होती, आणि तिच्यावर दोन दिवे जळत होते. दिवसाढवळ्या दिवा जाळणे हे आमच्या घरात पाप समजले जाते. मी एक बंद केला. संध्याकाळी बहिणीने पाहिले आणि कपाळाला हात लावला. मी बंद केला होता तो नेमका अतिनील किरणांचा.

या दिव्यालाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये मुडदूस झालेली मुले घरोघर होती. पाय वाकलेली, फासळ्या वर आलेली. १९१९ साली कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि त्यांची हाडे सुधारतात हे क्ष-किरणांच्या छायाचित्रांनी सिद्ध केले. या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते आणि अन्नातला चुना हाडाला लागतो, हा उलगडा त्या सुमारासच्या संशोधनातून झाला. सरड्याच्या हाडांनाही हाच नियम. आणि खिडकीची साधी काच ऊन आत सोडते, ऊबही सोडते, पण नेमके हे किरण अडवते. म्हणजे माझ्या खिडकीतले लख्ख ऊन दाढोबाच्या हाडांच्या दृष्टीने अंधारच होते. मी निमूटपणे दिवा लावला. पेटीच्या एका टोकाला चाळीस अंशांच्या आसपास उष्णता आणि दुसऱ्या टोकाला पंचविशीची सावली, अशी व्यवस्था असते. सरडा आपला आपण या टोकाचा त्या टोकाला जाऊन अंगाची ऊब सांभाळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढोबाचा रंग उतरला होता. ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेल्या पाटीसारखे सारे अंग पांढुरके. नाकतोड्यांच्या जातीचे किडे समोर टाकले तरी त्याने मान फिरवली. थोड्या वेळाने त्याने डोळे असे काही बाहेर फुगवले की माझी पाचावर धारण बसली. पण डोळ्यांभोवतीची कातडी सैल करण्याची ती त्याची रीत होती. दुपारी डोक्यावरची कातडी फाटली, मग पाठीवरची. साप पायमोजा उलटा काढावा तशी सबंध कात काढून ठेवतो. या सरड्याचे तसे नसते. जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे निघावेत तसे त्याचे एकेक ठिगळ निघते.

उजव्या खांद्यावर असेच एक ठिगळ लोंबत होते. तो फांदीवर खांदा घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता. ते पाहून माझा हात शिवशिवू लागला. मुलाच्या सदऱ्याचा सुटलेला दोरा दिसला की ओढावासा वाटतो, अडखळणाऱ्या मुलाच्या तोंडातला शब्द आपणच पुरा करावासा वाटतो, तसेच ते होते. वीस-बावीस वर्षे मी हेच करत आलो आहे. मी पेटी उघडली, दोन बोटांत ते ठिगळ धरले आणि अलगद ओढले. पहिला तुकडा पिकल्या पानासारखा हातात आला. मला मोठी धन्यता वाटली. म्हणून दुसरा ओढला. तो चिकटलेला होता. दाढोबाने अंग आखडले, गळा फुगवला, आणि पाहता पाहता ती दाढी शाईसारखी काळी झाली. खांद्यावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला होता.

मी पेटी बंद केली आणि खुर्चीवर बसलो. समोर कागद होता. कलम चार आणि कलम पाच. ती दोन का, हे मला आता कळले.

मन रमवायला म्हणून मी बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला. पण वाचनाची खोड गेलेली नाही, आणि कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर तिचा इतिहास पाहावा एवढेच मला येते. पुढचे दोन-तीन दिवस दाढोबाच्या दोन पाळ्यांमधला वेळ मी तिथे काढला.

प्रथम त्याचे नाव पाहिले. युरोपीय शास्त्राच्या दफ्तरात दाढीवाल्या सरड्याची पहिली नोंद १८२९ सालची. जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच पंडिताने जहाजातून आलेला नमुना पाहून ती केली. ऑस्ट्रेलियाची भूमी त्याने कधी पाहिली नाही. ती जात समुद्राकाठच्या पूर्वेकडची. दाढोबाची जात आतल्या कोरड्या माळरानांची. तिला १९२६ साली बर्लिनच्या संग्रहालयातल्या अर्न्स्ट आल यांनी नाव दिले. पुढे १९८२ साली पर्थच्या संग्रहालयातल्या ग्लेन स्टॉर यांनी साऱ्या दाढीवाल्यांचे घराणे वेगळे काढून त्याला 'पोगोना' म्हटले. ग्रीक भाषेत 'पोगोन' म्हणजे दाढी. या प्राण्याने शास्त्राच्या दफ्तरातही कात टाकलीच म्हणायची.

आणि हे घराणे आपल्याला परके नाही. आपल्या कुंपणावर मान खालीवर करत बसणारा, लाल गळ्याचा बागेतला सरडा याच कुळातला. त्याची नोंद फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ साली केली. याहून मौजेची गोष्ट म्हणजे २०१६ साली दख्खनच्या पठारावरच्या छोट्या सरड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी एका नव्या प्रजातीला शास्त्रीय नाव म्हणून 'सरडा' हा आपला मराठी शब्दच दिला. तिच्यातली गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडणारी देखणी जात आमच्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. तिथल्या पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले आणि हे सरडे वाढले, इतकेच नव्हे तर धीट झाले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. त्या पठारावर मी वर्गाची सहल दोनदा नेली होती. पवनचक्क्यांची पाती मोजली. पायाखालचा सरडा पाहिला नाही. लहानपणी तर आम्ही पोरे सरडा दिसला की दगड उचलत असू. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आम्ही पाठ केली होती, आणि कुंपणापर्यंत धावणाऱ्याला तिथेच गाठत होतो.

मग मी कातेचा माग काढू लागलो, आणि वाट फारच मागे गेली.

बाबिलोनी गिल्गमेश काव्याच्या पाट्या निनवेच्या उत्खननात सापडल्या आणि लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने १८७२ साली त्यांतली प्रलयाची कथा वाचून दाखवली तेव्हा जगभर खळबळ उडाली. त्याच पाटीच्या शेवटी एक लहानशी गोष्ट आहे. मित्राच्या मृत्यूने हादरलेला राजा गिल्गमेश समुद्रतळातून पुन्हा तारुण्य देणारी वनस्पती मिळवतो. ती लगेच खात नाही. गावी नेऊन आधी एका म्हाताऱ्याला खायला घालून पाहीन म्हणतो. वाटेत थंड पाण्याचे तळे लागते, तो अंघोळीला उतरतो, आणि वासावर आलेला साप ती वनस्पती पळवतो. जाता जाता तो साप कात टाकतो. राजा काठावर बसून रडतो.

आपल्याकडे पंचविंश ब्राह्मणात सर्पसत्र आहे. जनमेजयाच्या सर्पसत्रात सर्पांची आहुती पडली हे सर्वांना ठाऊक आहे. या सत्रात मात्र यज्ञ करणारे सर्पच आहेत. ते सत्र करून त्यांनी मृत्यूला जिंकले आणि म्हणून जुनी कातडी टाकून ते पुढे सरपटत जातात, असे तिथे सांगितले आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला हाच दाखला उलट बाजूने देतो: वारुळावर सापाची कात निर्जीव पडून राहावी तसे ज्ञान्याचे शरीर मागे पडून राहते. एकाने पुढे गेलेला साप पाहिला, दुसऱ्याने मागे राहिलेली कात पाहिली.

ग्रीक लोक कातेला 'गेरास' म्हणत. या शब्दाचा अर्थच म्हातारपण. साप म्हातारपण उतरवून ठेवतो! अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कात टाकणाऱ्या प्राण्यांची यादी केली, तीत साप आहे, सरडे-पालीही आहेत. कात डोळ्यांपासून सुटू लागते आणि अजाण माणसाला वाटते की प्राणी आंधळा होतोय, असे तो लिहितो. ते वाचून मला दाढोबाचे फुगलेले डोळे आठवले. त्यानंतर चारशे वर्षांनी रोमन प्लिनीने लिहिले की साप बडीशेपेच्या झाडाला अंग घासून कात उतरवतो आणि त्याच रसाने दृष्टी परत आणतो. अॅरिस्टॉटलने पाहिले होते. प्लिनीने बरेचसे ऐकले होते. इतिहासाच्या मास्तराला हा फरक चटकन ओळखू येतो.

कात म्हणजे नेमके काय, हे कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. पॉल मॅडर्सन या प्राणिशास्त्रज्ञाने १९६५ साली सापांच्या कातडीचे पापुद्रे तपासून कात टाकण्याच्या पायऱ्या क्रमाने लावून दाखवल्या. त्यातला मुद्दा आपल्या गोधडीच्या भाषेत सांगता येईल. जुनी गोधडी फाटली म्हणून आपण ती काढतो आणि मग नवी शिवायला घेतो. सरडा तसे करत नाही. तो जुन्या गोधडीच्या आतल्या अंगाला दुसरी सबंध गोधडी शिवून पुरी करतो. तोवर जुनी अंगावरच असते. दोहोंच्या मधोमध इतके बारीक दात असतात की ते एकमेकांत रुतून बसतात. नवी कातडी आतून पक्की झाली की मगच ते दात सुटतात आणि जुना थर मोकळा होतो. अंग पांढुरके दिसते ते या सुटण्याच्या वेळी.

म्हणजे ज्या ठिगळाचे दात सुटलेले होते ते माझ्या हातात अलगद आले. ज्याचे सुटले नव्हते, त्याच्याखालची गोधडी अजून शिवून व्हायची होती. मी जुने काढत नव्हतो. नवे फाडत होतो.

हे वाचून मी घरी परतलो तो थेट न्हाणीघरात गेलो. पसरट भांड्यात कोमट पाणी घेतले, बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपराने पाहतात तसे पाहिले, आणि दाढोबाला त्याच्या कोपरापर्यंत बुडेल इतक्याच पाण्यात सोडून शेजारी स्टुलावर बसून राहिलो. त्याला एकटा सोडायचे नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मऊ कापडाने टिपले आणि एकेक बोट, शेपटाचे टोक, कुशीचे काटे, नाकपुड्या तपासल्या. पुढच्या उजव्या पायाच्या एका बोटावर पांढरे वेढे होते. ओढले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा कापड. तिसऱ्या दिवशी ते वेढे आपोआप पाण्यात सुटून आले. खांद्यावरचा ठिपका वाळला होता. दाढोबाने त्या दिवशी चार किडे खाल्ले, आणि मीही जरा पोटभर जेवलो.

त्या रात्री जेवताना मी बहिणीला आणि मेहुण्यांना वाचनालयात सापडलेली आणखी एक गोष्ट सांगितली. रॉबर्ट कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याने पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांच्या चालीरीती आणि कथा गोळा करून १८९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आज वनुआतू म्हणतात त्या बेटांवरची ही कथा. पूर्वी माणसे मरत नसत. म्हातारी झाली की सापासारखी कात टाकून पुन्हा तरुण होत. एक म्हातारी नदीवर गेली, जुनी कातडी उतरवून तिने पाण्यात सोडली. ती वाहत जाऊन एका काडीला अडकली. तरुण होऊन ती घरी आली तर तिचे मूल तिला ओळखेना. ते आकांत करू लागले: ही माझी आई नव्हे, माझी आई म्हातारी होती. त्याला शांत करायला ती नदीवर परत गेली, काडीला अडकलेली जुनी कातडी शोधून तिने पुन्हा अंगावर चढवली. तेव्हापासून माणसे कात टाकीनाशी झाली आणि मरू लागली.

मेहुणे म्हणाले, "वा! छान आहे." बहीण काही बोलली नाही. ताट उचलता उचलता एवढेच म्हणाली, "दादा, मी दर रविवारी चढवते."

मला आधी अर्थबोध होईना. मग झाला. दर रविवारी आईशी फोनवर बोलायच्या आधी ती आत जायची, टिकली लावायची, मंगळसूत्र घालायची, ओढणी घ्यायची, आणि दोन वर्षांपूर्वी कापलेले केस मागे बांधल्यासारखे दाबून दिव्याकडे पाठ करून बसायची. फोनच्या चौकटीत आईला चौदा वर्षांपूर्वीची लेक दिसायची. तीन वर्षांपूर्वी ती गावी आली होती तेव्हा आई शेजारणीला म्हणाली होती, "आमची ती आता राहिली नाही." ते तिने दाराआडून ऐकले होते. मीही तेव्हा ओसरीवर होतो. मीही हसलो होतो.

माणसे कात टाकीत नाहीत, ही गोष्ट खरी नाही. आपलीही कातडी सुटते; फक्त सापाची एकदम, सरड्याची ठिगळाठिगळाने, आणि माणसाची रोज अदृश्य कोंड्यासारखी. २०१६ साली जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी दाढीवाल्या सरड्याचेही गर्भ तपासून दाखवून दिले की सरपटणाऱ्यांचे खवले, पाखरांची पिसे आणि आपले केस यांची गर्भातली सुरुवात एकच आहे. आपण एकाच घराण्यातले. जे रोज बरोबर असतात त्यांना आपली कात दिसत नाही. जे तीन-तीन वर्षांनी पाहतात त्यांना ती सबंध एकदम दिसते आणि धक्का बसतो. यात आईचा दोष नाही, लेकीचाही नाही. पण हे मी बहिणीला बोललो नाही. ओढू नये, एवढे मी शिकलो होतो.

शुक्रवारी भाचा परत आला. बूट न काढताच पेटीपाशी गेला. दाढोबाचे अंग नव्या नाण्यासारखे झळकत होते. पिवळ्या-नारिंगी छटा, पाठीवरची नक्षी ठळक. पोराने एकेक बोट मोजले. मग खांद्यापाशी थांबला.

"मामा, हे काय?"

"मी ओढलं," मी म्हणालो. बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थ्यापुढे मान खाली घालून उभे राहण्याचा अनुभव मला नवा होता.

त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "मी पण ओढलेलं. पहिल्यांदा." आणि डाव्या पायाच्या त्या तुटक्या बोटाकडे पाहत हळूच पुस्ती जोडली, "मम्माला सांगू नको."

म्हणजे त्या बोटाचे नुसते वेढे राहून गेले नव्हते. कलम पाच त्याने माझ्यासाठी लिहिले होते. कलम चार स्वतःसाठी असावे.

रविवारी आईचा फोन आला. बहीण भाजी चिरत होती. मला वाटले, नेहमीसारखी आत जाईल. ती हात पुसत तशीच येऊन बसली. कपाळ मोकळे, केस मानेपर्यंत कापलेले, अंगात घरातला सदरा, आणि दिवा बरोबर तोंडावर. मी श्वास रोखला. पलीकडे आईने चष्मा वर केला, खाली केला, फोन जवळ धरला. आम्हाला नुसते तिचे कपाळ दिसू लागले. बराच वेळ कुणी बोलेना.

मग आई म्हणाली, "मानेवर काही तरी घे गं. तिकडे थंडी सुरू झाली ना?"

परत निघताना भाच्याने दाढोबाच्या कातेचा एक तुकडा काड्यापेटीत घालून माझ्या हातात दिला. काट्यांच्या जागी इवली टोके असलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका हलका. पण तिकडच्या १९९९ सालच्या कायद्याप्रमाणे देशी प्राण्याचे कातडेसुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जिवंत सरड्यांचा तर व्यापारासाठी निर्यातीला मज्जावच आहे. युरोप-अमेरिकेतल्या घरोघरच्या पेट्यांत आज जे दाढीवाले आहेत ते पूर्वी कधी तरी बाहेर गेलेल्यांची पिलावळ. मी काड्यापेटी त्याला परत दिली. त्याऐवजी तो पाच कलमांचा कागद मागून घेतला.

तो आता शाळेत माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला आहे. जून महिन्यात पाचवीत एक मुलगी आली. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर चार गावे फिरलेली. ती वाचताना शब्दापाशी थांबते, ओठ हलवते, पुन्हा थांबते. पूर्वी मी तो शब्द चटकन सांगून मोकळा झालो असतो. परवा ती 'कुंपण' या शब्दाशी अडली. मी खडू आणण्याच्या निमित्ताने कपाट उघडले आणि दाराआड जरा वेळ उभा राहिलो. मागून आवाज आला, आधी 'कुं', मग 'प', आणि मग सबंध शब्द.